पूर्व बर्लिनची एका दिवसाची सहल : लहानसं साधन कसं वाचायचं?

संशोधनाचा विषय शोधायला बसलं की आपली नजर आधी मोठ्या गोष्टींकडे जाते. युद्ध, तह, फाळणी, क्रांती. सिनॉप्सिसमध्ये असा एखादा शब्द आला की विषयाला वजन आल्यासारखं वाटतं. मग साधनं चाळायला लागलं की कळतं, यावर आपल्याआधी कितीतरी जणांनी लिहून ठेवलंय. आता आपण नवीन काय विचारायचं?

म्हणून आज एक अगदी किरकोळ वाटणारी गोष्ट तुमच्यासमोर ठेवते. शेजारच्या देशाच्या राजधानीची, गाईडसोबतची, एका दिवसाची सहल. (गाईड म्हटल्यावर तुम्हाला आधी पीएचडीचे गाईड आठवतील. इथे बसमध्ये माईक घेऊन उभा राहणारा गाईड म्हणायचंय.) सकाळी बसमध्ये बसायचं, सीमा ओलांडायची, चार ठिकाणं बघायची, कुठेतरी कॉफी घ्यायची आणि अंधार पडायच्या आत परत. यात इतिहास तो कसला?

माझं म्हणणं असं, की अशी सहल त्या शहराबद्दल थोडंच सांगते. पण त्या शहरावर हक्क कोणाचा, ते कोणी दाखवायचं आणि ते बघायची मुभा कोणाला, हे ती फार नेमकं सांगते. उदाहरण म्हणून १९६१ ते १९८९ या काळातलं पूर्व बर्लिन घेऊ.

आधी प्रश्न : ही राजधानी होती का?

थोडी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ मध्ये, बर्लिन शहराचे चार भाग झाले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्याकडे एकेक भाग, म्हणजे सेक्टर. १९४९ मध्ये दोन जर्मन राज्यं झाली. पश्चिम जर्मनीने आपला कारभार बॉनमधून चालवला. पूर्व जर्मनीने, म्हणजे जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाने, बर्लिनलाच आपली राजधानी म्हटलं. पश्चिम बर्लिन मात्र पूर्व जर्मनीच्या पोटात, चारही बाजूंनी वेढलेलं, तसंच राहिलं. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्वेने सीमा बंद केली आणि भिंत उभी राहायला लागली.

आता नावं बघा. पूर्व जर्मनीचे अधिकारी आपल्या भागाला ‘बर्लिन, जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी’ म्हणत. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या लेखी तो चार सत्तांच्या शहरातला ‘सोव्हिएत सेक्टर’ होता. भिंतीच्या दुसऱ्या बाजूचंही तसंच. पूर्वेकडचे लोक ‘पश्चिमबर्लिन’ असा एकच जोडशब्द लिहीत, जणू ते वेगळंच गाव आहे. पश्चिमेकडे सरकारी कागदावर ‘बर्लिन (पश्चिम)’ असं लिहिलं जाई, म्हणजे शहर एकच, हा त्याचा पश्चिम भाग. बेळगाव म्हणायचं की बेळगावी, यावरून बोलणाऱ्याची बाजू ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. १९७४ मध्ये अमेरिकेने पूर्व जर्मनीशी राजनैतिक संबंध जोडले आणि पूर्व बर्लिनमध्ये दूतावास उघडला. पण त्या दूतावासाच्या नावात तो पूर्व जर्मनी‘साठीचा’ दूतावास होता, पूर्व जर्मनी‘तला’ नव्हता. कारण ‘तला’ म्हटलं की पूर्व बर्लिन त्या देशाचा भाग असल्याचं मान्य झालं असतं. पश्चिम जर्मनीने तर दूतावास हा शब्दच टाळला. त्यांच्या कचेरीचं नाव होतं ‘कायम प्रतिनिधित्व’. त्याआधी ३ सप्टेंबर १९७१ रोजी चार सत्तांनी बर्लिनबद्दल करार केला, त्यातही नेमक्या कुठल्या प्रदेशाबद्दल बोलतोय हे सांगताना ‘संबंधित प्रदेश’ असे मोघम शब्द वापरून वेळ निभावली.

मग मला सांगा, पश्चिम बर्लिनहून सकाळी निघालेला पर्यटक कुठे चालला होता? शेजारच्या देशाच्या राजधानीत, की त्याच शहराच्या दुसऱ्या पेठेत?

एकच फाटक, दोन बस

या प्रश्नाचं उत्तर करारांपेक्षा बसच्या खिडकीत जास्त स्पष्ट दिसतं.

फ्रीडरिशश्ट्रासं या रस्त्यावर चेकपॉइंट चार्ली हे प्रसिद्ध फाटक होतं. परदेशी नागरिक, मुत्सद्दी आणि पाश्चात्त्य सैन्याची माणसं इथून जात. पर्यटकांची बस इथे यायची. पूर्व जर्मनीचे अधिकारी पासपोर्ट तपासायचे, बस तपासायचे, आणि पुढच्या फेरीसाठी पूर्वेचा गाईड बसमध्ये चढायचा. आपण एका देशातून दुसऱ्या देशात आलो, हे प्रवाशाला समजायला एवढं पुरेसं होतं.

त्याच फाटकातून दुसरी एक बस जायची. अमेरिकी सैन्याची. तिच्यात गणवेशातले सैनिक असत, त्यांचीही पूर्व बर्लिन बघायची सहलच असे. पण त्यांना सूचना असायची, की पूर्व जर्मन पहारेकऱ्याच्या हातात कागदपत्रं द्यायची नाहीत. खिडकी बंद ठेवायची आणि आतूनच ओळखपत्र काचेला लावून दाखवायचं. काही अडचण आली तर सोव्हिएत अधिकाऱ्याला बोलवा म्हणायचं. कारण अमेरिकेच्या दृष्टीने हा सोव्हिएत सेक्टर होता आणि तिथे पूर्व जर्मन पोलिसाला त्यांना अडवायचा हक्कच नव्हता.

बंद काच की उघडा पासपोर्ट, एवढाच फरक. पण एका बसमधले प्रवासी शेजारच्या देशाच्या राजधानीत शिरत होते आणि दुसऱ्या बसमधले त्याच शहराच्या दुसऱ्या भागात. रस्ता तोच, इमारती त्याच.

आणि या काचेची किंमत किती होती, तेही लक्षात घ्या. २२ ऑक्टोबर १९६१ च्या संध्याकाळी पश्चिम बर्लिनमधले वरिष्ठ अमेरिकी मुत्सद्दी अ‍ॅलन लाइटनर पत्नीसह पूर्व बर्लिनमध्ये ऑपेरा बघायला निघाले होते. पूर्व जर्मन पोलिसांनी कागदपत्रं मागितली, त्यांनी ती दाखवायला नकार दिला. पुढे प्रकरण वाढत गेलं आणि २७ ऑक्टोबरला याच फाटकावर अमेरिकी आणि सोव्हिएत रणगाडे समोरासमोर उभे ठाकले. सुमारे १६ तासांनी, दुसऱ्या दिवशी ते मागे गेले. सुरुवात कुठून झाली? संध्याकाळी ऑपेराला जाणाऱ्या एका जोडप्याच्या ओळखपत्रापासून. ‘किरकोळ’ विषय म्हणून आपण सहलीला बाजूला सारतो तेव्हा हे आठवावं.

ज्याला जाताच येत नव्हतं

आतापर्यंत आपण जाणाऱ्यांबद्दल बोललो. संशोधकाने पुढचा प्रश्न विचारायला हवा : या बसमध्ये कोण नाही?

पश्चिम बर्लिनचा सामान्य रहिवासी नाही. भिंत झाल्यावर काही दिवसांतच, ऑगस्ट १९६१ च्या अखेरीपासून, त्याला पूर्वेकडे जाणं बंद झालं. लंडनहून आलेला पर्यटक चेकपॉइंट चार्लीतून जाऊन संध्याकाळी परत येऊ शकत होता. पण ज्याची आई चार रस्ते पलीकडे राहत होती, त्याला मात्र जाता येत नव्हतं. पूर्व बर्लिनचा रहिवासी तर उलट दिशेने सहलीला येण्याचा प्रश्नच नव्हता. पेन्शनरांना १९६४ पासून पश्चिमेकडच्या नातेवाइकांना भेटायची परवानगी मिळाली, तीही मर्यादित.

पश्चिम बर्लिनकरांसाठी पहिली फट उघडली ती डिसेंबर १९६३ मध्ये. १७ डिसेंबरला परवाना-करार झाला. १९ डिसेंबर १९६३ ते ५ जानेवारी १९६४ या काळात पश्चिम बर्लिनकरांना पूर्वेतल्या नातेवाइकांना दिवसभरासाठी भेटता येणार होतं, मध्यरात्रीपर्यंत परत यायच्या अटीवर. परवान्यासाठी कडाक्याच्या थंडीत रांगा लागल्या. त्या अडीच आठवड्यांत सुमारे १२ लाख भेटी झाल्या.

हा करार मिळवून वाचण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंनी चक्क लिहून ठेवलंय, की ठिकाणांची, कचेऱ्यांची आणि पदांची नावं काय असावीत यावर आमचं एकमत झालेलं नाही. म्हणजे जागेचं नाव ठरलं नाही, पण माणसांना जाऊ द्यायचं ठरलं. परवाने देण्यासाठी पूर्वेकडून आले ते टपाल खात्याचे कर्मचारी. त्यांच्याकडे व्हिसा देणारे सरकारी अधिकारी म्हणून बघावं लागू नये, ही पश्चिमेची गरज होती. ते आले, एवढ्यावरूनच आपलं राज्य मान्य झालं असं म्हणायची सोय पूर्वेला होती. दोघांनी आपापला अर्थ काढला आणि मधल्या मध्ये लाखो लोक आईवडिलांकडे नाताळला जाऊन आले.

तुमच्या प्रबंधात ‘सीमा’ हा शब्द येणार असेल तर हे उदाहरण जपून ठेवा. सीमा सगळ्यांसाठी सारखी नसते. भूगोलाच्या नकाशात ती एक रेघ असते, माणसांच्या आयुष्यात ती पासपोर्टच्या रंगावर आणि घरच्या पत्त्यावर अवलंबून असते.

पैशाचा माग काढा

राजकारणावर बोलणारी साधनं खूप मिळतात आणि ती बरीच बोलकी असतात. पैशाबद्दलची साधनं रूक्ष असतात, म्हणून नवे संशोधक ती टाळतात. तसं करू नका.

डिसेंबर १९६४ पासून पूर्व जर्मनीने एक नियम आणला. पश्चिमेकडून स्वतंत्रपणे येणाऱ्या पाहुण्याने दर दिवसामागे ठरावीक पश्चिमी मार्क देऊन तितकेच पूर्वेचे मार्क घ्यायचे. दर एकास एक. पश्चिमेकडच्या बँकेत एका पश्चिमी मार्काला पूर्वेचे कितीतरी जास्त मार्क मिळत, पण ते घेऊन सीमेच्या आत यायला बंदी होती. उरलेले पूर्वेचे मार्क बाहेर न्यायलाही बंदी होती. सुरुवातीला पश्चिम बर्लिनकरांसाठी ही रक्कम ३ मार्क होती. १९७३ मध्ये ती वाढवली, पुढच्या वर्षी कमी केली, तेव्हा पूर्व बर्लिनच्या एका दिवसासाठी ६.५० मार्क झाली. १३ ऑक्टोबर १९८० पासून ती २५ मार्क केली. एका झटक्यात जवळपास चौपट. भेटींची संख्या घसरली.

हे आकडे कोष्टकात टाकून पुढे जाऊ नका, थांबून विचारा. सरकारला परकीय चलन हवं होतं, मग ज्यामुळे पाहुणे कमी होतील अशी वाढ कशाला? उत्तर शोधायचं तर १९८० साल बघावं लागतं. शेजारच्या पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना उभी राहिली होती आणि पूर्व जर्मनीचं सरकार बाहेरून येणाऱ्या प्रत्येक संपर्काकडे संशयाने बघत होतं. म्हणजे हा दर एकाच वेळी कमाईचा मार्गही होता आणि नळाची चावीही. कधी सैल करायची, कधी आवळायची. सहलीला लागणाऱ्या पैशात तुम्हाला त्या वर्षाचं राजकारण वाचता येतं.

आणि पाहुण्याच्या बाजूने बघा. हातात २५ मार्क, ते संपवायलाच हवेत, आणि मध्यरात्रीच्या आत परत. दिवसभराच्या भेटीला गेलेल्यांच्या आठवणींत म्हणूनच जेवण, पुस्तकं, संगीताच्या तबकड्या आणि स्वरलिप्या वारंवार येतात. ही आवड होती की मजबुरी? दोन्ही असू शकेल. पण नियम माहीत नसेल तर तुम्ही याला नुसती ‘संस्कृतीची ओढ’ म्हणून मोकळे व्हाल.

गाईड काय दाखवतो

आता परत पर्यटकांच्या बसमध्ये येऊ. मार्ग बघा. उन्टर डेन लिन्डेन हा जुना राजरस्ता, संग्रहालयांच्या बेटावरचं पर्गामॉन संग्रहालय, अलेक्झांडरप्लाट्झ आणि तिथला १९६९ मध्ये खुला झालेला दूरचित्रवाणी मनोरा, ट्रेप्टोव बागेतलं सोव्हिएत युद्धस्मारक. पूर्वेच्या सहलींत ही नावं वारंवार दिसतात.

यातल्या प्रत्येक ठिकाणाला एकेक काम नेमून दिलेलं आहे, असं धरून वाचा. पर्गामॉन संग्रहालय सांगतं, की जुन्या बर्लिनचा सांस्कृतिक वारसा आमच्याकडे आहे. तिथली प्रसिद्ध ग्रीक वेदी युद्धानंतर सोव्हिएत संघात नेली होती आणि १९५८ च्या सुमारास परत आली. त्यामुळे ती एकाच वेळी प्राचीन कलाकृती होती आणि मैत्रीचा पुरावाही. मनोरा सांगतो, आम्ही आधुनिक आहोत. तो इतका उंच, की पश्चिमेकडूनही दिसायचा. गंमत म्हणजे ऊन पडलं की त्याच्या गोलावर क्रुसाचा आकार चमके आणि निरीश्वरवादी सरकारच्या मनोऱ्यावरचा हा क्रूस लोकांच्या विनोदाचा विषय झाला होता.

ट्रेप्टोवचं स्मारक मे १९४९ मध्ये उघडलं, म्हणजे पूर्व जर्मनी हे राज्य जन्मायच्याही आधी. सुमारे ७,००० सोव्हिएत सैनिक तिथे पुरले आहेत. हातावर लहान मूल घेतलेल्या सैनिकाचा प्रचंड पुतळा आहे आणि दुतर्फा दगडी शिल्पपट्ट आहेत. त्यांवर स्टालिनची वचनं कोरलेली आहेत, आजही आहेत. आता याच्याशेजारी दुसरी गोष्ट ठेवा. नोव्हेंबर १९६१ मध्ये पूर्व बर्लिनमधला स्टालिनचा पुतळा काढला गेला, स्टालिनच्या नावाचा मोठा रस्ता कार्ल मार्क्सच्या नावाने ओळखला जायला लागला. म्हणजे रस्त्यावरून स्टालिन गेला, पण मेलेल्या सैनिकांच्या शेजारी राहिला. सहलीच्या मार्गात अशा विसंगती असतात. त्या हेरणं हे तुमचं काम.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गाईडने जे सांगितलं ते सगळं प्रचार आणि पर्यटकाने जे बघितलं ते सगळं खोटं, असं ठरवून टाकणं फार सोपं आहे. पश्चिम बर्लिननेही पाहुण्यांसाठी भिंतीलगत लाकडी मचाण उभारली होती, तिथून पलीकडे डोकावून बघता यायचं. तीसुद्धा दाखवण्याचीच सोय होती. दोन्ही बाजू दाखवत होत्या. आणि तिथे गाडलेले सात हजार तरुण खरेच होते.

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही, त्यामुळे एक आपल्या कामाची गोष्ट सांगते. भारताने पूर्व जर्मनीशी पूर्ण राजनैतिक संबंध ऑक्टोबर १९७२ मध्ये प्रस्थापित केले. तेव्हा एखाद्या भारतीयाने पूर्व बर्लिनला ‘राजधानी’ म्हटलेलं दिसलं तर आधी साल बघा. १९७० मधला तो शब्द आणि १९७५ मधला तो शब्द यांचं वजन एक नाही. लेखक कोणाच्या निमंत्रणावरून गेला, कुठल्या फाटकातून गेला, स्वतःहून गेला की गाईडसोबत, हे वाक्यावाक्यात शोधा.

कागद कुठे सापडतील?

सीमेवर पासपोर्ट तपासणारे अधिकारी सीमा दलाच्या गणवेशात असत, पण ते श्टाझीचे, म्हणजे राज्य सुरक्षा मंत्रालयाचे लोक होते. त्यामुळे साध्या सहलीचाही माग गुप्तचर खात्याच्या कागदांत सापडू शकतो. या खात्याने मागे ठेवलेले कागद शंभर किलोमीटरहून जास्त लांबीच्या फडताळांत भरतील इतके आहेत. डिसेंबर १९९१ च्या कायद्याने ते नागरिकांना आणि संशोधकांना काही अटींवर बघता येऊ लागले आणि २०२१ पासून ते जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराकडे आहेत.

पण तिथे जायच्या आधी समजून घ्या, की पाळत ठेवणाऱ्याने लिहिलेला कागद पाळतीच्या नजरेनेच लिहिलेला असतो. पाहुणा कोणाशी बोलला याची वेळ त्यात सापडेल. निरोप घेताना आई काय म्हणाली, हे सापडणार नाही. त्यासाठी आठवणी, पत्रं, मुलाखती लागतात. फ्रीडरिशश्ट्रासं स्थानकाजवळ १९६२ मध्ये बांधलेली एक काचेची इमारत होती, पश्चिमेला परतणाऱ्यांच्या तपासणीसाठी. पूर्वेच्या माणसाला पाहुण्याचा निरोप दारातच घ्यावा लागे. लोकांनी तिला ‘अश्रूंचा महाल’ हे नाव दिलं. सरकारी आराखड्यात ती तपासणीची इमारत होती. दोन्ही नावं लिहून ठेवा, कारण ती दोन वेगळ्या साधनांतून येतात.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत उघडली. त्याच वर्षी २४ डिसेंबरपासून पश्चिमेकडच्या जर्मनांसाठी व्हिसाही गेला आणि सक्तीचं चलनही. ३ ऑक्टोबर १९९० रोजी दोन्ही जर्मनी एक झाले आणि शेजारच्या देशाची राजधानी हा प्रश्नच उरला नाही.

तुमचा विषय कुठलाही असो, एखादी सहल, एखादी जत्रा, एखाद्या बसचं तिकीट हाताशी आलं तर त्याला पाच प्रश्न विचारा. मार्ग कोणी ठरवला? परतायची वेळ कोणी ठरवली? पैसे कोणाच्या खिशातून कोणाच्या खिशात गेले? जागेचं नाव कोणत्या कागदावर काय लिहिलंय? आणि बसमध्ये कोणाला जागा नव्हती? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा दप्तरात मिळतात. पाचव्यासाठी दप्तराबाहेर पडावं लागतं, माणसांकडे जावं लागतं.

राहिला गाईड. बसमधला असो की विद्यापीठातला, तो वाट दाखवतो आणि घड्याळ बघत राहतो. खिडकीबाहेर काय बघायचं, ते मात्र तुम्हीच ठरवायचं.